गोव्याच्या खरेदीखतावर जावयाची सही

गोव्यात जुनं घर घ्यायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला खरेदीखताचा मसुदा हाती आला की पहिला धक्का नावांच्या यादीचा बसतो. बोलणी दोन भावांशी झालेली असतात आणि सह्या मात्र आठ. दोन भाऊ, त्यांच्या बायका, लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी आणि त्यांचे नवरे. ‘बहिणींचं समजलं हो, पण जावयाचा इथे काय संबंध?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि गोव्याचा वकील एव्हाना त्याला सरावलेला असतो.

गोव्याच्या समान नागरी कायद्याची चर्चा टीव्हीवर होते तेव्हा ती दोन मिनिटांत धर्मावर घसरते. प्रत्यक्षात हा कायदा मुख्यतः मालमत्तेचा आहे. लग्न झालं की कोणाचं काय, आणि माणूस गेला की कोणाला किती, हा त्याचा गाभा. तो बाजूला ठेवून बोललं की गैरसमज होणारच.

पहिला गैरसमज असा, की गोव्याने मुक्तीनंतर पुरोगामी विचाराने हा कायदा केला. तसं काही झालं नाही. हा पोर्तुगालचा 1867 चा नागरी कायदा, 1870 पासून इथे लागू झालेला. पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं तेव्हा, 1910 मध्ये, विवाह आणि घटस्फोटाचे नवे कायदे निघाले. तेही पुढे गोव्यात आले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि 1962 च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. हिंदू विवाह कायदा, हिंदू वारसा कायदा, 1937 चा शरियत कायदा हे गोव्यात आलेच नाहीत, म्हणून जुनं टिकलं. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने 1967 मध्ये नवा नागरी कायदा लागू केला. आपण जपलं ते त्यांनी टाकलेलं.

‘सगळ्यांना अगदी एकसारखा’ हेही पूर्ण खरं नाही. कॅथलिकांना सिव्हिल रजिस्ट्रारचा ना-हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं आणि त्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळते. बाकीच्यांना रजिस्ट्रारपुढेच जावं लागतं. आणि हिंदूंसाठी 1880 चा एक हुकूमनामा आहे, त्यांच्या चालीरीती राखणारा. बायको 25 वर्षांची होईपर्यंत मूलच झालं नाही, किंवा 30 पर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा, असं त्यात लिहिलेलं आहे. ही मुभा आजच्या चौकटीत टिकेल का यावर कायदेपंडितांत वाद आहे आणि व्यवहारात ती कोणी वापरताना दिसत नाही. पण बहुपत्नीत्वाचं नाव काढताच एकाच समाजाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा हुकूमनामा वाचायला हरकत नाही. गोव्यात लग्नाची नोंदणी झालेल्या मुस्लिम पुरुषाला दुसरी बायको करता येत नाही, हे मात्र खरंच आहे.

लग्नाच्या नोंदणीचा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा. महाराष्ट्रात लग्न लागतं आणि मग त्याची नोंद होते. गोव्यात उलटा क्रम: आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांनी लग्नाचा इरादा नोंदवायचा, नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात आणि ठरावीक मुदतीत पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. लग्न कायद्याने होतं ते या दुसऱ्या सहीने. पहिल्या सहीनंतर देवळात अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, संसार सुरू झाला आणि दुसरी सही राहूनच गेली, अशी प्रकरणं घडलेली आहेत. तिथे नवऱ्याने हात वर केले तर बाईकडे फोटो असतात, दाखला नसतो.

आता जावयाकडे वळू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते. लग्नाआधीची, नंतर कमावलेली, माहेरून-सासरून वारशाने आलेली, सगळी. तिच्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणजे मुलीला बापाच्या घरात जो हिस्सा मिळाला त्याचा निम्मा धनी तिचा नवरा. म्हणून त्याची सही. हे नको असेल तर लग्नाआधी नोंदणीकृत करार करून मालमत्ता वेगळी ठेवता येते. लग्नानंतर मात्र व्यवस्था बदलता येत नाही.

यावरून ‘गोव्यात बायको बरोबरीची मालकीण’ असं म्हटलं जातं. मालकीण खरी, पण जुन्या कायद्याने मिळकतीचा कारभार नवऱ्याकडे दिला आहे. तिच्या संमतीशिवाय त्याला स्थावर विकता येत नाही, इतकं संरक्षण तिला आहे आणि ते लहान नाही. दुसरी मेख वारशात. नवरा गेला की त्याच्या अर्ध्यावर पहिला हक्क मुलांचा, मुलं नसतील तर त्याच्या आईवडिलांचा, मग भावंडांचा; विधवेचा क्रमांक चौथा. स्वतःचा अर्धा तिच्याकडे असतोच, त्यामुळे ती उघड्यावर पडत नाही. पण बाई निपुत्रिक असेल तर नवऱ्याचा अर्धा सासू-सासऱ्यांकडे, ते नसतील तर दीर-नणंदांकडे जातो, हे तिला बऱ्याचदा वकिलाच्या खोलीतच कळतं.

‘माझी इस्टेट, मी वाटेल त्याला देईन’ हे वाक्यही गोव्यात अर्धंच खरं. समजा जोडप्याची मालमत्ता 80 लाखांची, मुलं तीन. नवरा गेला. 40 लाख बायकोचे, त्याला हात नाही. उरलेल्या 40 मधले 20 मुलांचे राखीव, मुलगा-मुलगी सारखे. मृत्युपत्राने तो देऊ शकतो फक्त शेवटचे 20. मृत्युपत्र केलंच नाही, तर 40 चे तीन समान भाग. एखाद्या मुलाला वारसातून काढायचं तर कायद्यात सांगितलेलीच कारणं लागतात. रुसवा चालत नाही. हयातीत बक्षीसपत्र करून वाट काढावी म्हटलं, तर राखीव हिस्सा मोजताना ते बक्षीसही हिशेबात धरलं जातं.

हे सगळं अजून पोर्तुगीज भाषेतच आहे, हाही समज जुना झाला. गोवा विधानसभेने 2012 मध्ये वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा स्वतःचा कायदा केला आणि 2016 मध्ये तो लागू झाला. इन्व्हेंटरी म्हणजे मृताच्या मालमत्तेची कोर्टापुढे यादी करून वाटप करणं. एखाद्या घराचे तुकडे पडण्यासारखे नसतील तर वारस आपसात बोली लावतात. विवाह आणि जोडप्याच्या मालमत्तेचा भाग मात्र अजून जुन्याच संहितेतला.

राहिला प्रश्न हा कायदा कोणाला लागतो. मिळकत गोव्यात आहे म्हणून नव्हे, माणूस गोव्याचा अधिवासी आहे म्हणून. एका गोवेकराने मुंबईतली मिळकत मृत्युपत्राने एकाच मुलीला दिली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर 2019 मध्ये निकाल लागला, की गोव्याच्या अधिवाशाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. म्हणजे दादर-गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या खोली असलेल्या, पण अधिवास गोव्याचा राखलेल्या कुटुंबांनाही हे लागू. उलट, पर्वरीत फ्लॅट घेतला म्हणून पुणेकराच्या वारसांना हा कायदा लागत नाही.

उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी संहिता लागू आहे. तिला ‘गोव्याची नक्कल’ म्हणण्यात अर्थ नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करायची सक्ती तिच्यात आहे, गोव्यात नाही. अनुसूचित जमातींना तिने वगळलं आहे. आणि गोव्याच्या कायद्याचा कणा, म्हणजे लग्नाच्या दिवसापासून जोडप्याची मालमत्ता निम्मी-निम्मी, तो उत्तराखंडाने उचललेला नाही.