गोणीची खोळ आणि आगकाडीचा त्रिकोण

पावसाची सर आली असता रिकाम्या गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून त्याची खोळ डोक्यावर घेणारा निफाड तालुक्यातील शेतकरी, तसल्याच दुसऱ्या पोत्याचे उंबऱ्याशी पायपुसणे करणारी त्याची कारभारीण आणि तिसरे उसवून थंडीत वासराच्या पाठीवर घालणारा त्यांचा मुलगा, ही तिघे कल्पकतेचा जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या गिरवीत आली, त्याची नोंद आमच्या शालेय दप्तरी क्वचितच झाली आहे. १९४७ साली बाजार समिती स्थापन झाल्यापासून ज्या लासलगावचे नाव कांद्याच्या नावाशी एकजीव होऊन बसले, तेथे लिलावाला उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढीत शाळेला जाणाऱ्या मुलाला बारीक गोल्टी कोणती, उन्हाळ कांदा कोणता आणि कोणता माल साठवणीच्या चाळीत टिकेल, हे नुसते हातात घेताच उमजते. कल्पनाशक्तीच्या शिक्षणाचा आरंभ या घनिष्ठ परिचयापासूनच व्हावा, असे मला मनापासून वाटते.

परंतु परिचय हे जसे भांडवल आहे, तसेच ते बंधनही आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा या विषयावरील प्रबंध १९४५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांपुढे मेणबत्ती, आगकाड्या, टाचण्या आणि काही लहान पेट्या ठेवून, मेणबत्ती दारावर उभी बसवा, असे सांगितले. पेटी टाचण्यांनी दारावर ठोकली म्हणजे तिचीच बैठक होते, हे उत्तर. पण पेट्यांमध्ये जिन्नस भरून ठेवले असता ते पुष्कळांना सुचले नाही आणि त्याच पेट्या रिकाम्या ठेवल्यावर ज्यांना ते सुचले त्यांची संख्या वाढली. भरलेली पेटी साठवणीचे काम करीत असते आणि त्या कामाखाली तिचा तळ, तिच्या भिंती, तिचा हलकेपणा, हे सारे गुणधर्म झाकले जातात.

म्हणून शिक्षकाने वर्गात गोणी आणली, तर ‘हिचे काय करता येईल?’ हा प्रश्न प्रथम विचारू नये. ‘ही कशी आहे?’ हे विचारावे. ती विणलेली आहे, तिच्यातून वारा खेळतो, ती पाणी शोषते, धाग्याच्या दिशेने ओढ सहन करते आणि तिरपी ओढली असता आकार बदलते, अशी यादी मुलांनी स्वतः हात लावून केली, म्हणजे उपयोगांची यादी तिच्या पाठोपाठ येते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी विटेसारख्या साध्या वस्तूचे उपयोग विचारून कल्पकता मापण्याची जी रीत रूढ केली, तिच्यात उत्तरांच्या संख्येइतकेच त्यांच्या वैविध्यालाही मोल होते. वीट भिंतीला, कुंपणाला आणि ओट्याला लावली, तरी तो प्रकार एकच. तीच तापवून कापडात गुंडाळून शेकायला घेतली, म्हणजे विचाराने दिशा बदलली.

साध्या वस्तूंतून शिकवण्याच्या या कार्यात आपल्याकडे ज्यांनी फार कष्ट घेतले, त्यांतले एक अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन पुण्याच्या टेल्को या वाहन कंपनीत नोकरी करणारा हा तरुण १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाला आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्या सामग्रीतून त्याने भूमितीच उभी केली. पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा प्रयोग कोणत्याही शाळेस परवडावा असा आहे. गुल खरवडलेल्या दोन आगकाड्या नळीच्या लहानशा तुकड्यात दोन्ही बाजूंनी खुपसल्या की सांधा तयार होतो. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर बोट दाबावे. तो निमूटपणे कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबला तरी आकार सोडीत नाही. मग चौकोनात एक तिरपी, थोडी लांब काडी बसवावी, आणि तोही ताठ उभा राहतो. येथेच न थांबता मुलांना गावातील एखाद्या कांदाचाळीत न्यावे आणि छपराखालच्या कैचीकडे मान वर करून पाहू द्यावे. ते तिरपे अँगल तेथे का ठोकले आहेत, हे आता त्यांना सांगावे लागत नाही.

बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी शिंपले, पाने, बिया व खडे यांचीच शिक्षणसाधने केली, ती शिक्षणाचा आरंभ परिचित वस्तूंपासून व्हावा, याच श्रद्धेने. याउलट ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली दुकानातून चकाकणारा कागद आणून, पालकांनी रात्री जागून केलेली फुलदाणी मुलाच्या नावे शाळेत मांडली जाते, त्याचे मला फार वाईट वाटते. कारण तेथे मुलाने वस्तूशी झगडा केलेला नसतो.

तो झगडा घडवायचा, तर साधन जवळच आहे. लासलगावात कांद्याच्या सालींचे ढीग फुकट मिळतात आणि त्या साली उकळल्या असता पाण्याला गडद रंग येतो. सुती चिंधी, लोकरीचा धागा आणि रेशमाचा तुकडा, हे तिन्ही त्यात बुडवावेत. एकदा तुरटी घालून, एकदा न घालता, एकदा लोखंडी भांड्यात. धुतल्यावर कोणता रंग टिकला, ते वहीत लिहावे आणि पांढऱ्या कांद्याच्या साली घेतल्या तर काय होईल, हा अंदाज त्याखाली आधीच नोंदवून ठेवावा; तो चुकला, तरी गुण कापू नयेत.