ठाण्यात रिपोर्ट देतानाच वकील हवा

लेखमाला : हक्काची वाट, लेखांक 6

मोफत कायदेशीर मदत कोणाला मिळते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. आता प्रश्न असा, की ही मदत मागायची कधी? आपल्याकडे बहुतेक जण कोर्टाचा समन्स हातात पडल्यावर वकील शोधायला निघतात. तोवर फार उशीर झालेला असतो. अत्याचार सोसलेल्या माणसाला वकील लागतो तो ठाण्यात रिपोर्ट देताना, पहिल्या काही तासांत.

याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, अशी तक्रार झाली. आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता. वडसा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचं पटत नाही, तेव्हा बळजबरी झाली नसावी, असा तो हिशोब होता. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्रीच्या वेळी, वर्दीतल्या माणसासमोर गरीब घरची मुलगी कितीशी ओरडणार, हा विचार त्या निकालात दिसत नाही.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं. पीडितेची ओळख जाहीर करायला बंदीही त्याच दुरुस्तीने घातली. त्या मुलीच्या नावानेच हा खटला आजही ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहिणार नाही.

या सगळ्यात तिच्या बाजूने उभा राहणारा तिचा स्वतःचा वकील कुठे होता? सरकारी वकील असतो, पण तो सरकारचा. आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो आणि मिळालाच पाहिजे. तक्रार देणारी मात्र खटल्यात निव्वळ साक्षीदार ठरते. 1994 मध्ये दिल्लीतल्या घरकामगार महिलांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा पीडितेला ठाण्यातच वकिलाची मदत मिळायला हवी आणि तिला हा हक्क आहे हे पोलिसांनी सांगायला हवं. पुढे कायद्यातही वाट झाली: न्यायालयाच्या परवानगीने पीडितेचा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो. आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क आता तिला स्वतःला आहे.

पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर हे पहिले तास आणखी नाजूक. 2013 च्या दुरुस्तीने आलेली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम असलेली तरतूद प्रत्येक घरात माहीत असावी. लैंगिक अत्याचार झालेली बाई शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असेल, तर तिने ठाण्यात चकरा मारायच्या नाहीत. पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जायचं, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घ्यायचा आणि जबानीचं चित्रीकरण करायचं. अशीच जबानी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली, की खटल्यात तीच सरतपासणी धरली जाते. मग उलटतपासणी तेवढी उरते.

कागदावर हे चोख आहे. आता एटापल्ली तालुक्यातला एखादा टोला डोळ्यांसमोर आणा. बोलता-ऐकता न येणारी मुलगी, शाळेचं तोंड न पाहिलेली. शहरातल्या मूकबधिर शाळेत शिकवतात ती सांकेतिक भाषा तिला ठाऊक नाही. तिच्या खुणा तिच्या घरच्या, आणि त्या समजणारी आई माडियात बोलते. म्हणजे खुणांपासून माडिया, माडियापासून मराठी, असे दोन पूल लागतात. मधला माणूस घाईत किंवा कोणाच्या दबावाखाली असेल तर जबानी तिथेच बिघडते, आणि पुढे बचावाचा वकील नेमकं तेच बोट दाखवतो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्यात चांगली सोय आहे. तिची संवादाची पद्धत ओळखणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. सज्ञान बाईसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षक आग्रहाने मागावा लागतो. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा कित्येक वर्षं चालतात, तिथे असा शिक्षक मिळू शकतो. ही मागणी लेखी, वेळेत आणि पोलिसांना पटेल अशी करायला जवळ कोणीतरी हवं. ते काम विधी सेवेच्या वकिलाचं आहे.

दिव्यांगाची साक्ष कच्ची, असं आजही सर्रास बोललं जातं. आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये हे साफ नाकारलं. तिने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं, आणि डोळस साक्षीदाराने चेहरा ओळखण्याइतकीच ती ओळख ग्राह्य धरली गेली.

दिव्यांग म्हणजे कोण, याचाही आवाका आपल्या भागात लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार मानले. त्यात सिकलसेल आहे, जो आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी माहीत असलेला आजार. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही त्यात आहेत. याच कायद्याच्या सातव्या कलमात पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे: दिव्यांग व्यक्तीच्या छळाची, पिळवणुकीची तक्रार आली, की मोफत कायदेशीर मदतीचा हक्क तिला सांगायचाच. सांगितला नाही तर आपण कलमाचा आकडा घेऊन विचारावं.

भरपाईबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. आरोपीला शिक्षा होईपर्यंत काही मिळत नाही, असं लोक धरून चालतात. तसं नाही. आरोपी सापडला नाही, ओळखू आला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, असं कायदा म्हणतो. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी राज्याची 2013 पासूनची मनोधैर्य योजना आहे, तिचीही वाट याच प्राधिकरणातून जाते. अशा पीडितांवर खासगी दवाखान्यानेही मोफत उपचार करायचे असतात.

मोफत वकिलासाठी अर्ज कुठे करायचा? तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे सचिव बसतात, आणि ते स्वतः न्यायाधीश असतात. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं: नाव, गाव, काय झालं, कोणती मदत हवी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, उतरवून घेणं त्यांचं काम. दिव्यांगत्वाचा किंवा जातीचा दाखला जोडावा. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही असं नम्रपणे सांगावं. निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर एक रुपयाही न देता सचिवांना कळवावं. वकील पटला नाही तर बदलूनही मागता येतो.

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर कापून अर्ज द्यायला जा, असं मी कोणाला सांगणार नाही. 15100 या क्रमांकावर फोन करावा. गावाजवळचा विधी स्वयंसेवक कोण, हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवावं. माझ्या मते प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात त्या स्वयंसेवकाचं नाव मराठीत, आणि दक्षिण गडचिरोलीत माडिया-तेलुगू बोलणाऱ्यांना कळेल अशा रीतीने लावलेलं असायला हवं. ग्रामसभांनी ठराव करून हे मागावं. आपल्या ग्रामसभांनी वनहक्काचे ठराव करून जंगल मिळवलं आहे, हाही ठराव त्यांना जड जाणार नाही.

पुढच्या लेखांकात वाघाच्या हल्ल्यात हात-पाय गमावलेल्या माणसांबद्दल. तिथे आरोपी नाही, पण वन विभागाची मदत, दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यासाठी माराव्या लागणाऱ्या चकरा आहेत. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी भागातल्या वाचकांनी आपले प्रश्न जरूर पाठवावेत.