समुद्रातली बुरशी आणि कॅन्सरचं औषध

लोणच्याच्या बरणीत बुरशी दिसली की आपला जीव खालीवर होतो. पण बुरशीतूनच १९२८ साली फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं, हे आपण शाळेत शिकलोय. बुरशी समुद्रातही असते, बरं का! शेवाळावर, स्पंजात, खारफुटीच्या कुजक्या लाकडात. शत्रू आला तर तिला पळता येत नाही, म्हणून ती नाना रसायनं बनवते. शास्त्रज्ञ शोधतात ती हीच.

बहामा बेटांजवळच्या हालिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळावर अशी एक बुरशी मिळाली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत विल्यम फेनिकल यांच्या गटाने तिच्यातून हालिमाइड हे रसायन वेगळं काढलं. त्यात फेरफार करून ‘प्लिनाब्युलिन’ हे औषध तयार झालं. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. हे औषध तो उभाच राहू देत नाही.

अशा रसायनाची पहिली परीक्षा बशीतल्या पेशींवर होते. एका पद्धतीत पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. किती सोपं! पण बशीतल्या पेशी मारणं फार कठीण नाही हो, ते फिनेलही करेल. आपल्या चांगल्या पेशी राखून रोगट तेवढ्या मारायच्या, खरी मेख तिथे आहे.

म्हणून तर इतकी वर्षं लागतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ५५९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या केमोसोबत प्लिनाब्युलिन घेणाऱ्यांचं मध्यक (मीडियन) आयुष्य साडेदहा महिने, नुसती केमो घेणाऱ्यांचं ९.४. जेमतेम महिन्याचा फरक. त्याआधी, २०२१ मध्ये, केमोमुळे पांढऱ्या पेशी घटू नयेत म्हणून हे औषध वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली होती, आणखी एक चाचणी करा म्हणून.

हे मुद्दाम सांगतेय. आमच्या महिला मंडळात कुणी ना कुणी विचारतंच, “ताई, ते समुद्री शेवाळाचं चूर्ण घेतलं तर केमो टळेल का?” नाही टळणार. बुरशीतलं रसायन आणि डब्यातलं चूर्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चालू उपचार सोडून त्याच्या मागे लागू नका, आणि घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपल्या जवळ, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या चंद्रलता रघुकुमार यांनी खारफुटीतल्याच नव्हे, तर खोल समुद्रातल्या बुरशीचाही अभ्यास केला आहे.