पर्यावरण आधी की माणूस? हवामान आंदोलकांची भूमिका आणि आपली श्रद्धा

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) क्रांती चौकाला आंदोलने नवीन नाहीत. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या शिपायांना जेथे देहदंड देण्यात आला, तो काळा चबुतरा ह्याच ठिकाणचा. ९ ऑगस्ट २०१६ रोजी निघालेल्या पहिल्या मराठा क्रांती मोर्चाची सुरुवातही येथूनच झाली. पाणी, पीकविमा, वेतन, आरक्षण अशा नाना मागण्यांचे फलक ह्या चौकाने पाहिले आहेत. ‘हवामान बदल’ हे शब्द मात्र त्यांवर क्वचितच दिसतात. त्यामुळे हवामानासाठी रस्त्यावर उतरणारे तरुण म्हणजे महानगरांतील सुखवस्तू घरांतली मुले, त्यांना झाडांची काळजी आहे, माणसांची नाही, असा समज आपल्या भाविकांतही आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ह्या चौकातून जालना रस्त्याने पूर्वेकडे गेले की मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत लागते. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी ह्या खंडपीठाने बीडच्या एका तरुण अभियंत्याला दिल्लीच्या न्यायालयात दाद मागता यावी म्हणून दहा दिवसांचा अटकपूर्व जामीन मंजूर केला. हा तरुण पर्यावरण कार्यकर्ता होता. प्रकरण मात्र शेतकरी आंदोलनाचे होते. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांना पाठिंबा मिळवण्यासाठी ‘टूलकिट’ नावाने जो मार्गदर्शक मजकूर प्रसृत झाला, त्यामागे कट असल्याचा दिल्ली पोलिसांचा आरोप होता. त्याच प्रकरणात ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ ह्या चळवळीतील दिशा रवी ह्या तरुणीला १३ फेब्रुवारीस बंगळुरूत अटक झाली आणि २३ फेब्रुवारीस दिल्लीच्या सत्र न्यायालयाने तिला जामीन दिला. केवळ शासनाशी मतभेद आहे म्हणून नागरिकाला तुरुंगात ठेवता येणार नाही, अशा आशयाचे मत त्या न्यायालयाने नोंदवले.

त्या खटल्याचा न्यायनिवाडा करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. आपल्यापुढील प्रश्न एवढाच की, हवामानासाठी झटणारे तरुण शेतकऱ्यांच्या प्रश्नात का पडले? दिशा रवी हिने न्यायालयात दिलेले उत्तर साधे होते: आपणा सर्वांनाच अन्न लागते, म्हणून शेतकऱ्यांना पाठिंबा दिला. ह्या उत्तरात हवामान आंदोलकांच्या भूमिकेचे सार आहे.

ही चळवळ ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर ग्रेटा थुनबर्ग ह्या शाळकरी मुलीने धरलेल्या ठिय्यापासून सुरू झाली. आरंभी तिचा भर धूर आणि तापमान ह्यांवर होता. चळवळ भारतासारख्या देशांत पोहोचली तेव्हा तिच्यात न्यायाचा प्रश्न अधिक ठळक झाला. भारतातील दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. शेतमजुराच्या वाट्याचे तर नगण्यच. तरीही झळ प्रथम त्यालाच लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. दोन्ही वेळी ज्याच्याकडे साठवणीची टाकी, विमा वा बचत होती तो तरला, आणि ज्याच्याकडे नव्हती तो कर्जात बुडाला. म्हणून आंदोलक म्हणतात की, ज्याने कमी बिघडवले त्याला आधी सावरा, आणि दुरुस्तीचा खर्च ज्याने अधिक बिघडवले त्याच्याकडून घ्या.

ही भूमिका ऐकायला सोपी वाटली तरी आचरणात तशी नाही. दिल्लीच्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत भाताचा पेंढा शेतात जाळणाऱ्यांवर दंडात्मक कारवाई करू नये, हीही एक मागणी होती. त्या धुराने लाखो लोकांचा श्वास कोंडतो, हे आंदोलकांना ठाऊक होते. त्यांच्यातील जाणत्यांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याला दंड करून धूर थांबत नाही. पेंढ्याची विल्हेवाट लावण्याचे परवडणारे साधन आणि भाताऐवजी दुसरे पीक घेण्याइतका भरवसा त्याला द्यावा लागतो.

आपल्या भागात हाच पेच उसाच्या रूपाने उभा आहे. दुष्काळी मराठवाड्याला उसाची तहान परवडणारी नाही, असे जलतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. परंतु बीडसारख्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ह्याच कुटुंबांतील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. ऊस कमी केला तर पाणी वाचेल, पण कोयत्यावर जगणाऱ्याने काय खावे? उलट आहे तेच चालू ठेवले तर पाणीही जाईल आणि त्या स्त्रियांच्या यातनाही संपणार नाहीत. दोन्हींचा विचार एकत्र केल्यावाचून गत्यंतर नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्याहून वेगळी नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ ह्या विश्वपत्रात स्पष्ट केले की, पर्यावरणाचे एक संकट आणि समाजाचे दुसरे, अशी दोन संकटे नाहीत. ते एकच गुंतागुंतीचे संकट आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी त्यांनी संत पेत्राच्या चौकात ग्रेटाची भेट घेऊन तिला उत्तेजन दिले. पुढे ४ ऑक्टोबर २०२३ च्या ‘लाऊदाते देऊम’मध्ये त्यांनी अतिरेकी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गटांविषयी लिहिले की, संपूर्ण समाजाने जो दबाव आणायला हवा होता, त्याची रिकामी राहिलेली जागा हे लोक भरून काढत आहेत.

जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याचे चरित्र ह्या दृष्टीने पुन्हा वाचावे. अहाब राजाच्या काळी दुष्काळ पडला, तेव्हा राजा आपल्या घोड्यांसाठी व खेचरांसाठी चारा शोधत फिरत होता. एलीया मात्र सारफथच्या उपाशी विधवेच्या दारी होता. पुढे त्याच राजाने गरीब नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला, तेव्हा त्याला जाब विचारायला एलीयाच उभा राहिला. दुष्काळासाठी एक आणि जमिनीच्या न्यायासाठी दुसरा, असे दोन संदेष्टे देवाने पाठवले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही हा वारसा आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी वसईत हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व केले. तो लढा हिरवळीचा होता, तितकाच तेथील बागाईतदारांच्या जमिनीचा आणि विहिरींच्या पाण्याचाही होता.

सृष्टीच्या काळात, म्हणजे १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर ह्या दिवसांत, आपण धर्मग्रामांत रोपे लावतो. ते चांगलेच आहे. परंतु त्या रोपांना कोणते पाणी घालणार आणि चर्चच्या आवाराशेजारच्या वस्तीला किती दिवसांनी पाणी मिळते, हे दोन्ही प्रश्न धर्मग्राम समितीच्या एकाच बैठकीत यावेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मुले मागे राहिली असतील, तर त्यांची चौकशी हाही सृष्टीच्या जपणुकीचाच भाग समजावा. आणि क्रांती चौकात उद्या कोणी रिकामा हंडा घेऊन उभे राहिले, तर ती पाण्याची मागणी आहे की हवामानाची, ह्या वादात न पडता आपण त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.