पगार सारखा, मग शहर का नको?

12 मे 2019 ची रात्र, टोरोंटो. फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. गुण 90-90. उजव्या कोपऱ्यातून टोरोंटोच्या कवाय लेनर्डने चेंडू उंच फेकला, समोर हात वर करून उभ्या असलेल्या सात फुटी बचावपटूच्या डोक्यावरून. चेंडू हवेत असतानाच वेळ संपल्याचा भोंगा वाजला. मग तो रिंगवर आदळला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. आणि जाळीतून खाली पडला.

महिन्याभरात टोरोंटो रॅप्टर्स एनबीएचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, विजेते झाले. कॅनडातल्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मिरवणुकीला रस्ते ओसंडून वाहिले. कवाय इथेच राहिला तर त्याला कायमचं फुकट जेवू घालू, असं शहरातल्या कित्येक हॉटेलांनी जाहीर करून टाकलं. कारण त्याचा करार संपला होता आणि पुढे कुठे खेळायचं हे आता तो स्वतः ठरवणार होता. इतर कुठल्याही संघापेक्षा एक वर्ष लांब करार आणि दरवर्षी मोठी पगारवाढ टोरोंटो त्याला देऊ शकत होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली: कवाय लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे निघाला. तीन वर्षांचा करार, सुमारे 10 कोटी 30 लाख डॉलर. हे क्लिपर्स तोवर विजेतेपद सोडाच, कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या गटाच्या, अंतिम फेरीतही कधी पोचले नव्हते.

विजेता संघ, प्रेमात पडलेलं शहर, जास्त पैसे. हे सगळं एका पारड्यात असताना दुसऱ्या पारड्यात असं काय होतं? दुसऱ्या पारड्यात होती मोरेनो व्हॅली. लॉस एंजेलिसपासून शंभरेक किलोमीटरवरचं हे गाव, जिथे कवाय वाढला.

करार संपल्यावर आपला संघ स्वतः निवडणाऱ्या अशा खेळाडूला फ्री एजंट म्हणतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये शहर ठरवतो तो लिलाव. 2008 साली रांचीचा धोनी चेन्नईचा झाला तो चेन्नईने सर्वांत मोठी बोली लावली म्हणून. एनबीएतही नवख्या खेळाडूला निवड नसते. ड्राफ्टमध्ये ज्या संघाने नाव पुकारलं त्या गावी जायचं. पण करार संपला की तो मोकळा होतो. हे स्वातंत्र्य काही आपोआप मिळालेलं नाही. ऑस्कर रॉबर्टसन या दिग्गजाच्या नावाने 1970 साली खेळाडूंनी लीगवर खटला भरला, तो 1976 मध्ये तडजोडीने मिटला, आणि पूर्णपणे मोकळा असा पहिला खेळाडू, टॉम चेंबर्स, सिएटल सोडून फीनिक्सला गेला तो थेट 1988 साली. आता ही निवड हाती आल्यावर काही शहरांच्या वाट्याला सतत नकार का येतात, हे कोडं मला या खेळातल्या कुठल्याही डावपेचापेक्षा जास्त विलक्षण वाटतं. त्याचं उत्तर शोधत गेलं की आधी भेटते पगाराची गंमत.

साधा तर्क असा, की नकोशा जागी माणूस हवा असेल तर जास्त पैसे द्यावेत. गडचिरोलीसारख्या भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला प्रोत्साहन भत्ता मिळतो, तो याच तर्काने. एनबीएतही एके काळी तो चालत होता. ऑक्टोबर 1997 मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ज या कडाक्याच्या थंडीतल्या संघाने 21 वर्षांच्या केविन गार्नेटला सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलर देऊ केले. काही वर्षांपूर्वी मालकाने तो अख्खा संघ विकत घेतला होता सुमारे 8 कोटी 80 लाखांना! म्हणजे एका पोराचा करार संघाच्या खरेदीपेक्षा महाग. पण गार्नेट थांबला. हिवाळ्याची भरपाई झाली.

बाकीचे मालक हादरले. 1998 च्या उन्हाळ्यात त्यांनी लीगला टाळं ठोकलं आणि जानेवारी 1999 मध्ये ते उघडलं तेव्हा 82 सामन्यांचा मोसम 50 वर आला होता आणि एक नवा नियम जन्मला होता: एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा. संपूर्ण संघाच्या पगारावरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, 1984 पासून होतीच. तेव्हा ती 36 लाख डॉलर होती, 2025-26 च्या मोसमात ती 15 कोटी 46 लाखांवर गेली. या कॅपच्या 25, 30 किंवा 35 टक्के, जितकी वर्षं खेळलात त्यानुसार, एवढाच पगार आता एका माणसाला देता येतो. याला सगळे नुसतं ‘मॅक्स’ म्हणतात.

हा नियम आला तो खर्चाला लगाम घालायला, आणि श्रीमंत संघांनी सगळे तारे पळवू नयेत असाही त्यातून लाभ व्हावा अशी अपेक्षा होती. पण झालं काय? सर्वोत्तम खेळाडूला तीसही संघ जवळपास एकच आकडा देऊ लागले. मायामीही मॅक्स देणार, मिलवॉकीही मॅक्स देणार. मग निवडायचं कशावरून? समुद्रावरून. हवेवरून. आई किती लांब राहते यावरून. रस्त्यात पोलिसाने गाडी अडवली तर काय होईल यावरून. ज्या गोष्टींची किंमत पैशात मोजून चुकती करता आली असती, त्या सगळ्या या समान पगारामुळे उघड्या पडल्या. थंड, लहान, आडवाटेच्या शहराच्या हातात असलेलं एकमेव हत्यार, जास्त पैसे मोजण्याचं, नियमानेच काढून घेतलं. समान पगाराच्या नियमातून शहराशहरांतली एवढी मोठी असमानता बाहेर यावी, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

यात भर पडते ती खेळाच्या अंकगणिताची. मैदानात एका वेळी फक्त पाचच खेळाडू. क्रिकेटमधला महान फलंदाजही दहा साथीदारांत वाटला जातो. बास्केटबॉलमधला महान खेळाडू सामन्याचा बहुतेक वेळ मैदानात असतो आणि जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून जाते. त्यामुळे एका माणसाची आवडनिवड एखाद्या शहराचं दशक घडवते किंवा बुडवते.

पहिलं कारण सगळे सांगतात ते हवामान, आणि ते दिसतं त्यापेक्षा खोल आहे. एनबीएचा मोसम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत, पुढे प्लेऑफ धरले तर जूनपर्यंत चालतो. म्हणजे मिलवॉकीत नोकरी करणारा खेळाडू तिथे नेमका हिवाळ्यात राहतो. मिशिगन सरोवराकाठचं हे शहर उन्हाळ्यात सुंदर असतं, पण तेव्हा तो सुट्टीवर! बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, म्हणून तिथे हा प्रश्न इतका टोकदार होत नाही.

मिलवॉकीचं दुखणं जुनंही आहे. 1969 मध्ये ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीसाठी नाणं उडवून फीनिक्सशी कौल लागला आणि ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, मिलवॉकीला मिळाला. 1971 मध्ये त्याने त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. तरी 1974 मध्ये त्याने संघाला कळवलं की मला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला पाठवा. लोकांबद्दल त्याची तक्रार नव्हती. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या, लॉस एंजेलिसमध्ये शिकलेल्या, इस्लाम स्वीकारलेल्या त्या माणसाला हवं असलेलं सांस्कृतिक जग तिथे नव्हतं. 1975 मध्ये तो लेकर्सकडे गेला. ते लेकर्सही मूळचे मिनियापोलिसचे बरं का. तिथल्या असंख्य तळ्यांवरून नाव पडलं, 1960 मध्ये संघ कॅलिफोर्नियात आला, नाव तसंच राहिलं. न्यू ऑर्लिन्सचा जॅझ संघ 1979 मध्ये युटातल्या सॉल्ट लेक सिटीला गेला, तोही नाव घेऊनच.

युटाचं नाव निघालं की दुसरं कारण टाळता येत नाही, आणि माझ्या मते ते हवामानापेक्षा कितीतरी जड आहे. एनबीएतले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. युटाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय दोन टक्क्यांहूनही कमी. 1997 मध्ये अनुभवी गार्ड डेरेक हार्परला युटाला पाठवायचं घाटत होतं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं की संघाविषयी तक्रार नाही, पण तिथे राहायचं नाही. अशा ठिकाणी बायकोला ओळखीचं सलून नाही, मुलांच्या वर्गात त्यांच्यासारखं कुणी नाही. पंचविशी-तिशीतल्या, नुकतंच कुटुंब थाटलेल्या माणसाला या गोष्टी विजेतेपदाइतक्याच खऱ्या असतात. बॉस्टनचा इतिहास तर याहून बोचरा. बिल रसेलने त्या शहराला तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं दिली, आणि त्याच काळात उपनगरातलं त्याचं घर फोडून, भिंतींवर शिव्या लिहून नासधूस केली गेली. 1972 मध्ये त्याची जर्सी निवृत्त केली तेव्हा त्याने प्रेक्षकांसमोर सोहळा होऊ दिला नाही. ही आठवण खेळाडूंच्या पिढ्या एकमेकांना सांगत आल्या. मिलवॉकीतही जानेवारी 2018 मध्ये चुकीच्या पार्किंगवरून पोलिसांनी शहराच्याच बक्स संघातल्या स्टर्लिंग ब्राउनला जमिनीवर पाडून टेझरचा झटका दिला. लाखो डॉलर कमावणाऱ्याचीही ही गत झाली, तर दुसऱ्या गावचा खेळाडू ते विसरेल कसा?

करांचं काय, असं वाचकाच्या मनात आलं असेल. कॅलिफोर्नियाचा उत्पन्नावरचा सर्वोच्च राज्यकर 13.3 टक्के, फ्लोरिडा, टेक्सस, टेनेसीत तो शून्य. कोट्यवधींच्या पगारावर हा फरक प्रचंड होतो. पण खेळाडूला पाहुणा म्हणून जिथे खेळतो तिथेही कर भरावा लागतो. हा ‘जॉक टॅक्स’ गाजला तो 1991 च्या अंतिम मालिकेनंतर: कॅलिफोर्नियाने मायकेल जॉर्डनच्या शिकागो संघाकडून कर वसूल केला, आणि चिडलेल्या इलिनॉयने उलट कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंवर कर लावला. टेनेसीने तर उत्पन्नावर कर नसताना काही वर्षं खेळाडूंकडून दर सामन्याला अडीच हजार डॉलर घेतले. एवढं असूनही, कर हेच मुख्य कारण असतं तर लॉस एंजेलिस ओस पडलं असतं आणि ऑर्लँडोबाहेर रांग लागली असती. घडलं उलटंच. 1996 मध्ये शकील ओ’नील करमुक्त ऑर्लँडो सोडून लेकर्सकडे गेला, सात वर्षांच्या सुमारे 12 कोटी डॉलरांवर. त्याच सुमारास ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं होतं की हा माणूस साडेअकरा कोटींच्या लायकीचा आहे का. नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ म्हटलं. शहराने नाकारल्याचं खेळाडूला कळतं, आणि ते लागतं.

मोठं शहर म्हणजे हमखास ओढ, हाही भ्रम आहे. न्यूयॉर्क निक्सने 2010 मध्ये लेब्रॉन जेम्ससाठी आणि 2019 मध्ये केविन ड्युरांटसाठी पगाराची जागा मोकळी करून ठेवली. लेब्रॉन मायामीला गेला. ड्युरांट न्यूयॉर्कलाच आला, पण नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये. वर्षानुवर्षं गोंधळात चाललेला संघ असेल तर मॅनहॅटनचे दिवेही कमी पडतात. उलट लेब्रॉन 2014 मध्ये क्लीव्हलँडच्या थंडीत परतला, कारण त्याचं जन्मगाव ॲक्रन तिथून तासाभरावर. ग्रीसहून आलेल्या यानिस आंतेतोकूंपोने डिसेंबर 2020 मध्ये मिलवॉकीशीच 22 कोटी 80 लाखांचा करार केला आणि सातच महिन्यांत, अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात 50 गुण करून, पन्नास वर्षांनी विजेतेपद आणलं. ज्याला या देशात जुनं घरच नव्हतं, त्याने मिलवॉकीला घर केलं.

आता पुन्हा कवायकडे, कारण त्या जुलैतली गोष्ट तिथेच संपली नाही. त्याला क्लिपर्समध्ये एक तोलामोलाचा साथीदार हवा होता: पॉल जॉर्ज, तोही लॉस एंजेलिस परिसरातल्या पामडेलचा. जॉर्ज होता ओक्लाहोमा सिटीत. लीगमधल्या सर्वांत लहान शहरांपैकी एक. 2008 मध्ये सिएटलहून आणलेला संघ. 2016 मध्ये ड्युरांट इथूनच निघून गेला होता. वर्षभरापूर्वी इथेच राहण्याचा करार करूनही जॉर्जने बदली मागितली. ओक्लाहोमाने ती दिली आणि बदल्यात क्लिपर्सकडून पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क, आणखी दोन अदलाबदलीचे हक्क, आणि एकच मोसम खेळलेला 20 वर्षांचा पोरगा घेतला. त्याचं नाव शे गिलजस-अलेक्झांडर. त्या हक्कांपैकी एकातून 2022 मध्ये जेलन विल्यम्स मिळाला. 22 जून 2025 रोजी ओक्लाहोमा सिटीने, तारे ज्याला टाळतात अशाच दुसऱ्या एका शहराला, इंडियानापोलिसला, सातव्या सामन्यात 103-91 ने हरवून विजेतेपद मिळवलं. शे त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम मालिकेचाही. क्लिपर्स अजून एकाही अंतिम मालिकेत पोचलेले नाहीत.

शेचा जन्म टोरोंटोचा. जुलै 2025 मध्ये त्याने ओक्लाहोमा सिटीशीच चार वर्षांच्या 28 कोटी 50 लाख डॉलरांच्या वाढीव करारावर सही केली, आणि आता 2031 पर्यंत तो तिथेच बांधलेला आहे.