जोडणी आहे, पण पान उघडत नाही

माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा शाळेचे नाव जगभर पोहोचले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतावर मोबाइल धरताच कविता ऐकू यावी, पाठ डोळ्यांपुढे उभा राहावा, ही त्यांची कल्पना होती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे संकेत छापले जाऊ लागले. परंतु त्या इवल्याशा चौकटीमागील पान प्रत्यक्ष उघडावयाचे, तर इंटरनेटची साखळी अखंड असावी लागते.

ही गरज शाळेपुरती राहिलेली नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रामपंचायतीचे हिशेब आणि दाखले ही सारी कामे आता संकेतस्थळांवरून होतात. ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या तारांनी जोडण्याची राष्ट्रीय योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा वेळी एक अडचण वारंवार उद्भवते. लॅपटॉप वाय-फायला जोडला गेल्याचे दिसते, सांकेतिक शब्दही स्वीकारला जातो, पण एकही पान उघडत नाही. मग यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीच्या दुकानात जाते. तेथे ‘फॉरमॅट’ केल्यावर वर्षभराच्या नोंदी पुसल्या जातात आणि अर्जाची शेवटची तारीखही टळून जाते. वास्तविक पुष्कळदा दोष यंत्रात नसतोच.

जोडणी कशाशी?

सोलापूर शहराला दूरच्या उजनी धरणाचे पाणी जलवाहिनीतून मिळते. घरातील तोटी शाबूत असली म्हणजे पाणी येईलच असे नाही. वस्तीतील टाकी, मुख्य वाहिनी आणि धरणाजवळचे पंप हे सर्व चालू असावे लागते. वाय-फायचेही तसेच आहे. पडद्यावरील ‘जोडले’ ही खूण लॅपटॉप आणि घरातील राऊटर यांच्यातील काही हातांच्या अंतरापुरतीच खरी असते. राऊटरपासून सेवा पुरवठादारापर्यंत, आणि तेथून इच्छित संकेतस्थळापर्यंत पुढच्या कड्या असतात. म्हणून जवळून दूर जात एकेक कडी तपासणे, हाच शोधाचा सरळ मार्ग होय.

पहिली परीक्षा : दोष एकाचा की सर्वांचा?

त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून एखादे पान उघडून पाहावे. मात्र तत्पूर्वी मोबाइलमधील स्वतःचा डेटा बंद करावा. अन्यथा पान मोबाइलच्या डेटावरून उघडते आणि वाय-फाय ठीक असल्याचा चुकीचा समज होतो.

कोणत्याच यंत्रावर पान उघडत नसेल, तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही. राऊटर व प्रकाशतंतूची पेटी अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. पेटीवर ‘लॉस’ या नावाचा तांबडा दिवा लागलेला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशसंकेतच पोहोचत नाही असे समजावे. तार तुटली असल्यास घरातील कोणताही उपाय चालत नाही. सेवेची मुदत संपली आहे काय, हेही पाहावे. तक्रारीसाठी देयकावर छापलेलाच क्रमांक वापरावा.

दुसरी परीक्षा : पत्ता मिळाला काय?

केवळ लॅपटॉपच अडला असेल, तर त्याचा जाळ्यातील पत्ता पाहावा. जाळ्याच्या सेटिंगमध्ये तो चार अंकगटांत दिसतो. घरातील पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि लॅपटॉपने आपल्यापुरता पत्ता ठरवून घेतला आहे, असा त्याचा अर्थ. जतन केलेले वाय-फायचे नाव काढून टाकावे व नव्याने जोडणी करावी.

कार्यालयातून वा शाळेतून घरी नेलेल्या लॅपटॉपबाबत एक विशेष कारण संभवते. कार्यालयात त्याला कायमचा ठरावीक पत्ता दिलेला असू शकतो. तो पत्ता घरच्या राऊटरला जुळत नाही. तेथे ‘आपोआप’ हा पर्याय निवडावा. मात्र जुने आकडे आधी वहीत टिपून ठेवावेत, कारण कार्यालयात परतल्यावर ते पुन्हा लागतात.

तिसरी परीक्षा : नावावरून क्रमांक

संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, माणसे नावाने. नावावरून क्रमांक शोधून देणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. ही सेवा अडली, तर मार्ग खुला असूनही ठिकाण सापडत नाही.

याची पारख ‘पिंग’ या आज्ञेने होते. ८.८.८.८ या क्रमांकाला पिंग केल्यास उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव दिल्यास ते सापडत नाही, असे झाले तर दोष नावे शोधणाऱ्या सेवेत आहे. घरच्या लॅपटॉपवर या सेवेसाठी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा क्रमांक भरता येतो. शासकीय यंत्रावर असा बदल संबंधित संगणक कक्षाला विचारूनच करावा.

चौथी परीक्षा : तारीख, मध्यस्थ आणि पहारेकरी

क्रमांक आणि नाव दोन्ही ठीक असूनही पान उघडत नसेल, तर घड्याळाकडे पाहावे. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविणारे प्रमाणपत्र दाखविते आणि त्यास आरंभाची व अखेरची तारीख असते. उन्हाळी सुटीत दीर्घकाळ बंद राहिलेल्या लॅपटॉपची तारीख काही वर्षे मागे गेली, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालेले नसते. मग तो पान नाकारतो. तारीख दुरुस्त करणे एवढाच त्यावर उपाय असतो.

कार्यालयाने बसविलेली ‘प्रॉक्सी’ वा ‘व्हीपीएन’ घरीही चालू राहिल्यास ब्राउझर येथे नसलेल्या मध्यस्थाची वाट पाहत बसतो. ती तात्पुरती बंद करून पाहावी. मुदत संपलेले विषाणूरोधकही कधीकधी वाट अडविते.

इतर पाने उघडत असून एकच संकेतस्थळ अडले असेल, तर दोष बहुधा त्या बाजूस असतो. अर्जाच्या अखेरच्या दिवशी गर्दीने संकेतस्थळ मंदावते. अशा वेळी रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करणे श्रेयस्कर.

जाळ्याच्या सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणणारा ‘नेटवर्क रीसेट’ हा उपाय सर्वांत शेवटी योजावा. त्याने जतन केलेले वाय-फायचे सांकेतिक शब्द पुसले जातात, पण कागदपत्रांस धक्का लागत नाही. ‘फॉरमॅट’ची पाळी या बिघाडात क्वचितच येते.

नोंदीचे एक पान

प्रत्येक शाळेने व ग्रामपंचायतीने दोन गोष्टी कराव्यात. सेवा पुरवठादाराचे नाव, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी, सेवेची मुदत आणि यंत्राला दिलेला पत्ता यांची नोंद एका पानावर करून ती जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. तसेच महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत नियमाने स्वतंत्र ठिकाणी जपावी. सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी थांबलेली विद्यार्थिनी यांना राऊटर आणि डीएनएस यांतील भेद ठाऊक असण्याची गरज नाही. दोष कोणत्या कडीत आहे, हे त्यांच्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्यास मात्र सांगता आले पाहिजे. तेवढे साधले, तर त्यांची एक खेप वाचेल आणि अर्जही मुदतीत दाखल होईल.