आधी माप, मग माल

‘नो हेड इंजुरी इज टू ट्रिव्हियल टु बी इग्नोर्ड.’ हे इंग्रजी वाक्य एकदा सावकाश वाचा. डोक्याला झालेली इजा कितीही किरकोळ वाटली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, असाच अर्थ तुम्ही लावला असेल. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही बहुतेक वेळा तोच लावतात. वाक्यात मात्र तसं लिहिलेलंच नाही. खात्री करायची असेल तर त्याच साच्यातलं दुसरं वाक्य घ्या: ‘नो थेफ्ट इज टू स्मॉल टु बी रिपोर्टेड.’ चोरी कितीही छोटी असो, ती कळवा. आता याच रीतीने पहिलं वाक्य उलगडा. इजा कितीही किरकोळ असो, तिच्याकडे दुर्लक्ष करा!

पीटर वेसन आणि शूली राइख या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या वाक्यावर शोधनिबंध लिहिला आणि त्याला ‘शाब्दिक भ्रम’ म्हटलं. माणूस तर्क करताना नेमका कुठे घसरतो, हा वेसन यांचा आवडीचा विषय. दृष्टिभ्रमाच्या चित्रातल्या दोन रेघा मोजून सारख्या निघाल्या तरी डोळ्यांना लहानमोठ्या दिसत राहतात. या वाक्याचंही तसंच होतं. समजावून सांगितल्यावरही मन पुन्हा चुकीच्या अर्थाकडेच वळतं. कारण वाक्यात नकार एक नाही, तीन आहेत. ‘नो’ उघड नकार, ‘टू’मध्ये दडलेला दुसरा (अमुक करण्याजोगं नाही, असं तो सुचवतो) आणि ‘इग्नोर’च्या अर्थातच असलेला तिसरा. दोन नकारांपर्यंत आपण कसाबसा हिशेब ठेवतो. तिसऱ्यापाशी मेंदू तो अर्धवट सोडतो आणि शहाणा माणूस इथे काय म्हणेल, हे स्वतःच ठरवून मोकळा होतो.

माझ्या मते यातला मोठा वाटा वाक्याच्या पहिल्या शब्दाचा आहे. ऑल, एव्हरी, नो, सम, मोस्ट, मेनी, फ्यू, मोर ही सगळी मापं दाखवणारी पदं. इंग्रजीत कर्ता आधी येतो आणि माप कर्त्याच्याही आधी, म्हणून असंख्य इंग्रजी वाक्यांची सुरुवात यांच्यापासून होते. माल कोणता हे कळण्याआधीच तराजू लावलेला असतो. मापं मराठीतही नामाच्या आधीच येतात, पण नकार आपण शेवटच्या क्रियापदाला बांधतो. ‘एकही दुकान उघडं’ इथवर ऐकून मराठी माणूस ‘नव्हतं’ची वाट पाहतो. इंग्रजी माणसाला ‘नो शॉप’ या दोन शब्दांतच शटर पडल्याचं कळतं.

भारताच्या राज्यघटनेचा इंग्रजी पाठ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अनुच्छेद २० आणि २१ या दोन्हींची सुरुवात ‘नो पर्सन’ अशी होते. कारखान्यात आणि खाणीत बालमजुरीला मनाई करणारा अनुच्छेद २४ सुरू होतो ‘नो चाइल्ड’ने. स्वातंत्र्यांचा अनुच्छेद १९ ‘ऑल सिटिझन्स’ने. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेतही प्रास्ताविकेनंतरच्या पहिल्या कलमाचा पहिला शब्द ‘ऑल’च आहे. कायद्याला माप आधी लागतं: हे कोणाकोणाला लागू, एकालाही नाही की सगळ्यांना? अनुच्छेद २१ मराठीत वाचलात तर वाक्याचा तोल बदललेला दिसेल. अपवाद मध्येच येऊन जातो आणि सगळा जोर देणारा ‘नाही’ अगदी शेवटी उभा राहतो. अधिकार तोच, पण इंग्रजी वाचकाला दार पहिल्याच पावलावर बंद दिसतं, मराठी वाचकाला शेवटच्या.

‘नो पर्सन’ ही काय भानगड आहे, हा प्रश्न तर्कशास्त्राला फार काळ छळत होता. व्याकरणाच्या दृष्टीने तो वाक्याचा कर्ता. मग असा कोणी इसम आहे का? ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुइस कॅरोलने १८७१ च्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’मध्ये यावर धमाल विनोद केला. रस्त्यावर ‘नोबडी’ दिसतोय असं ॲलिस सांगते, आणि इतक्या दूरवरून न-कोणी दिसण्याइतकी तिची नजर तेज आहे, याचं राजाला कौतुक वाटतं. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७९ मध्ये, गॉटलोब फ्रेगं या जर्मन गणितज्ञाने याची नीट मांडणी केली. ‘नो’, ‘ऑल’, ‘सम’ ही कोणाची नावं नव्हेत. एखादा गुण किती जणांना लागू पडतो, याबद्दलची ती विधानं आहेत. आजचं गणिती तर्कशास्त्र बरंचसं त्या पायावर उभं आहे.

तर्कशास्त्राचं काम तिथे उरकलं, माणसाच्या डोक्याचं नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड यांनी १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. सामना पाहायला ‘फ्यू’ चाहते गेले, असं एक वाक्य आणि ‘अ फ्यू’ चाहते गेले, असं दुसरं. पुढचं वाक्य ‘दे’ने, म्हणजे ‘ते’ने, सुरू करून लोकांनी पूर्ण करायचं. शाळेत आपण शिकलो की ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे. पण फरक फक्त संख्येचा नव्हता. ‘अ फ्यू’ वाचणाऱ्यांनी पुढे गेलेल्यांबद्दल लिहिलं: त्यांना मजा आली, ते ओरडले. ‘फ्यू’ वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी लिहिलं न गेलेल्यांबद्दल: ते घरी बसले, त्यांनी सामना टीव्हीवर पाहिला. वाक्यात त्या घरी बसलेल्यांचा उल्लेखही नाही! एका अक्षराएवढा ‘अ’ गळला की वाचकाची नजर मैदानातून उचलली जाते आणि दिवाणखान्यात जाते. बातमी लिहिणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लस घेतलेल्या ‘फ्यू’ लोकांना त्रास झाला, असं लिहिलं की वाचक ठणठणीत राहिलेल्यांचा विचार करतो. ‘अ फ्यू’ लिहिलं की त्रास झालेल्यांचा. आकडा दोन्हीकडे एकच असू शकतो.

‘सम’चं कोडं वेगळं आहे. ‘काही जिराफांची मान लांब असते’, हे विधान खरं की खोटं? तर्काने खरं, सगळ्यांचीच लांब असते, म्हणजे काहींचीही असतेच. तरीही आपण अडखळतो, कारण ‘काही’ म्हटलं की ‘सगळे नाहीत’ असं मन परस्पर जोडून घेतं. फ्रान्समध्ये इरा नोव्हेक यांनी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना असल्या विधानांबद्दल विचारलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा गंमत कळली: बहुतेक मुलांनी विधान खरं मानलं, मोठ्यांनी मात्र बऱ्याच वेळा नाकारलं. तर्काच्या कसोटीवर मुलं सरस ठरली. पुढे २००४ मध्ये लुइस बॉट यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात ‘काही हत्ती सस्तन आहेत’ अशा वाक्यांना लोक किती वेळात उत्तर देतात, ते मोजलं. ‘खोटं’ म्हणणाऱ्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे ‘सगळे नाहीत’ हा अर्थ शब्दात आयता बसलेला नसतो. संभाषणाच्या शहाणपणातून तो वर चढवावा लागतो आणि त्यासाठी एखादा क्षण खर्ची पडतो. लहान मुलांकडे शब्द असतो, पण बोलणारा हातचं काय राखून बोलतोय हे ओळखण्याची सवय नसते. ती आपण मोठे होताना लावून घेतो, आणि मग साक्षीदाराचं ‘सम’ ऐकून स्वतःच निष्कर्ष काढून बसतो.

‘मोस्ट’ म्हणजे निम्म्याहून अधिक, हे सगळ्यांना ठाऊक. पण ते ठरवायला डोकं मोजतं का? पॉल पिट्रॉस्की, जेफ्री लिड्झ, टिम हंटर आणि जस्टिन हॅलबर्डा यांनी २००९ मध्ये पडद्यावर निळे-पिवळे ठिपके क्षणभर दाखवून विचारलं: बहुतेक ठिपके पिवळे होते का? मोजायला सवडच नव्हती, तरी उत्तरं बरीचशी बरोबर आली. चुका कशा वाढतात तेही नियमाने दिसलं: दोन रंगांचं प्रमाण जवळजवळ सारखं झालं की चुका वाढतात. अंदाजाने संख्या जोखण्याची जी उपजत शक्ती बाळांमध्ये आणि अनेक प्राण्यांमध्येही दिसते, तिचीच ही खूण. ‘मोस्ट’सारखा अस्सल भाषेतला शब्द इतक्या जुन्या यंत्रणेकडून काम काढून घेतो, हे मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

या सगळ्या शब्दांत एक समान शिस्त आहे. जॉन बारवाइज आणि रॉबिन कूपर यांनी १९८१ मध्ये ती मांडली. ‘एव्हरी डॉग बार्क्स’ खरं की खोटं, हे पाहायला फक्त कुत्री तपासायची. कोल्हे भुंकतात की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. ‘नो डॉग’, ‘मोस्ट डॉग्ज’, ‘फ्यू डॉग्ज’ सगळीकडे तेच. जगातल्या भाषांतली या जातीची पदं मापाच्या लगतच्या नामाबाहेर पाहतच नाहीत, असा त्यांचा दावा. ‘ओन्ली डॉग्ज बार्क’ तपासायला मात्र कुत्र्यांखेरीज बाकी सगळं धुंडाळावं लागेल. पण ‘ओन्ली’ या जातीतला शब्दच नव्हे. तो ‘रमा’सारख्या विशेषनामालाही चिकटतो, ‘एव्हरी’ चिकटत नाही. मुलं हा नियम जन्मजात घेऊन येतात का, हे तपासायला हंटर आणि लिड्झ यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना बनावट माप-शब्द शिकवून पाहिले. नियम पाळणारा शब्द मुलांना जमला, मोडणारा जमला नाही. इतरांनी केलेल्या तशाच प्रयोगात मात्र असा फरक आढळला नाही, तेव्हा जन्मजात वगैरे म्हणायची घाई नको.

या शिस्तीचा अर्थ एवढाच की ‘ऑल’ कितीही उदार वाटला तरी त्याची उदारता पुढच्या नामावर संपते. हे अचूक ओळखलं हंसा मेहता यांनी. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदी राहिलेल्या मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या अनुच्छेदाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असं होतं. ‘मेन’मध्ये स्त्रिया आल्याच, हे म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, उद्या कोणी फक्त पुरुष असा अर्थ काढला तर? १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा स्वीकारला गेला तेव्हा तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द होते. माप जागच्या जागी राहिलं, माल बदलला.

आकड्यांचं थोडक्यात. इंग्रजी संपादकांच्या नियमपुस्तकांत वाक्याची सुरुवात अंकाने करू नये, असं सांगितलेलं असतं; संख्या अक्षरी लिहा किंवा वाक्य फिरवा. इंग्रजी वाक्य मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतं आणि अंकाला मोठं रूप नसतं, हे त्यामागचं एक सरळ कारण. असोसिएटेड प्रेसची शैली इसवी सनाला सूट देते. देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपल्या बातम्या खुशाल ‘२५ जण’ने सुरू होतात आणि कोणाचं काही बिघडत नाही.

आता सर्वांत चमत्कारिक नमुना. ‘मोर पीपल हॅव बीन टु रशिया दॅन आय हॅव.’ या साच्याचं वाक्य मारिओ मॉन्टालबेट्टी यांच्या १९८४ च्या एमआयटीतल्या प्रबंधातून गाजलं. इंग्रजी माणूस ते ऐकतो, मान डोलावतो, आणि मग विचारा अर्थ काय, तर गडबडतो. लोकांच्या संख्येची तुलना ‘मी’शी कशी करायची? चढतच राहणारा, पण कुठेही न पोहोचणारा जिना काढणाऱ्या डच चित्रकार एशर यांचं नाव अशा वाक्यांना पडलं आहे. अलेक्सिस वेलवुड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याची चिरफाड केली. रशियाला जाणं पुन्हा पुन्हा होऊ शकतं. अशा कृती असतील तेव्हा लोक वाक्य अधिक खपवून घेतात, शाळा उत्तीर्ण होण्यासारखी एकदाच घडणारी गोष्ट असेल तर कमी. म्हणजे ‘मोर’ ऐकल्यावर मन माणसं मोजायचं सोडून गुपचूप फेऱ्या मोजायला लागतं.

आपल्याकडे रोज अडचण करणारं वाक्य मात्र याहून साधं आहे. ‘ऑल क्लेम्स आर नॉट पेएबल.’ आपल्या मनात असतं: सगळे दावे मंजूर होत नाहीत, म्हणजे काही होतात. आपल्या ‘नाही’ला शेवटी बसून सगळ्या वाक्यावर हुकूम चालवायची सवय आहे, म्हणून आपण निर्धास्तपणे तेच इंग्रजीत उतरवतो. इंग्रजीत याचे दोन अर्थ निघतात, आणि दुसरा अर्थ एकही दावा मिळणार नाही असा आहे. विम्याच्या कागदात, सोसायटीच्या नोटिशीत किंवा परीक्षेच्या सूचनेत हा घोळ महागात पडू शकतो. तेव्हा इंग्रजीत लिहायची वेळ आली तर नकार उचलून पहिल्या शब्दाजवळ आणा: काही मिळणार असतील तर ‘नॉट ऑल क्लेम्स’, एकही मिळणार नसेल तर ‘नो क्लेम’. आणि समोरच्याच्या कागदावर ‘ऑल’ने सुरू होऊन ‘नॉट’कडे जाणारं वाक्य दिसलं, तर सही करण्याआधी नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते लेखी विचारून घ्या.